आभाळातली चुकामूक

नाशिकला पंचवटीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. शटर अजून माझंच आहे, पण आत आता मोबाईलची कव्हरं विकणारा एक मुलगा भाड्याने बसतो. त्या काउंटरमागे तीस वर्षांत एक सवय लागली. "रेडिओ मेला हो," म्हणत गिऱ्हाईक आलं की मागचं झाकण उघडायची घाई करायची नाही. आधी पिन नीट बसली आहे का, आवाजाचं बटण कुणी शून्यावर आणून ठेवलंय का, काटा भलत्याच स्टेशनावर गेलाय का, हे बघायचं. निम्म्या वेळा तिथेच काम व्हायचं, आणि मग पैसे किती मागायचे ही पंचाईत.

हीच सवय वैमानिकांनाही लावतात, हे मला भाचीमुळे कळलं.

ती व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारे २०० तास पुरे करते आहे. गेल्या हिवाळ्यात खानदेशातल्या एका धावपट्टीवरून ती एकटीच निघाली. मनमाडपर्यंत येऊन परत जायचं होतं. वाटेत विमानातली वीज गेली आणि विजेपाठोपाठ रेडिओ. इकडे इंदिरानगरला माझ्या बहिणीच्या मोबाईलवर कुणीतरी एवढंच कळवलं: "विमानाशी संपर्क तुटला होता." त्यातला 'होता' तिने वाचलाच नाही. लगेच देव पाण्यात. पोरगी तोवर उतरून, चहा पिऊन कागद भरत बसली होती.

बहिणीला दोष देत नाही. "संपर्क तुटला" हे शब्द टीव्हीवर ज्या बातम्यांत येतात, त्यांचा शेवट आपल्याला पाठ झालाय. पण विमान हवेत राहतं ते पंखांच्या आणि इंजिनाच्या जोरावर. बोलण्याने ते वर राहत नाही आणि बोलणं थांबलं म्हणून खाली येत नाही. मग बोलणं थांबल्यावर नेमकं काय होतं? भाचीला मी चार संध्याकाळी प्रश्न विचारून भंडावलं. जे पटलं ते इथे लिहितो.

आधी विजेचं. तिचं विमान सेसना, एका इंजिनाचं, चार माणसांचं. इंजिनाबरोबर अल्टरनेटर फिरतो, वीज तयार करतो. त्यावर रेडिओ, दिवे, यंत्रं चालतात आणि उरलेली वीज बॅटरीत भरते. आपल्या मोटारीसारखंच. अल्टरनेटर गेला की सगळा भार बॅटरीवर येतो. वैमानिकासमोर व्होल्टेज कमी झाल्याचा एक छोटा दिवा लागतो आणि ॲमीटरचा, म्हणजे बॅटरीत वीज भरतेय की उपसतेय ते दाखवणारा, काटा उलट्या बाजूला झुकतो. बस. धूर नाही, आवाज नाही, इंजिनाची घरघर तशीच चालू. म्हणून हा बिघाड लबाड. भर उन्हात तो दिवा नजरेतून सुटला तर पुढे एकेक यंत्र विझायला लागल्यावरच कळतं. (नंतर मेकॅनिकने उघडलं तेव्हा अल्टरनेटरच्या वायरचा लग, म्हणजे टोकाची कडी, मोडलेला निघाला. तिने मला फोटो पाठवला. पाच रुपयांची वस्तू. मला का कोण जाणे, बरं वाटलं.)

"मग इंजिन बंद नाही पडलं?" बहिणीचा पहिला प्रश्न. तिला म्हटलं, तुझी लुना आठव. लुनाला बॅटरी नव्हतीच, तरी ती तुला मेन रोडपर्यंत न्यायची. कारण मॅग्नेटो. चुंबक आणि तारेचं वेटोळं, इंजिन फिरतंय तोवर आपली ठिणगी आपणच पाडणारं. छोट्या विमानांच्या इंजिनात हीच जुनी युक्ती मुद्दाम टिकवली आहे. दोन मॅग्नेटो, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एक मॅग्नेटो रुसला तरी दुसरा चालू. त्यांचा बॅटरीशी संबंध नाही.

वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणारे काटेही विजेवर चालत नाहीत, ते बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतात. होकायंत्राला तर काहीच लागत नाही. जुन्या पद्धतीच्या विमानात क्षितिज दाखवणारी तबकडी इंजिनावरच्या हवा ओढणाऱ्या पंपाने फिरते. नव्या विमानांत या सगळ्याच्या जागी पडदे आलेत, म्हणून त्यांना वेगळी राखीव बॅटरी द्यावी लागते. म्हणजे भाचीच्या समोरचा अर्धा संसार अंधारात गेला, तरी ज्याच्यावाचून अडतं तो शाबूत होता.

तिने अल्टरनेटरचा खटका बंद करून पुन्हा चालू केला. उपयोग नाही. ब्रेकर बघितला, तो जागेवर होता. मग तिने तेच केलं जे लोडशेडिंगच्या दिवसांत आपण इन्व्हर्टरवर करायचो: फ्रिज बंद, टीव्ही बंद, एक ट्यूब आणि एक पंखा. बाहेरचे दिवे, दुसरा रेडिओ, वाट दाखवणारी यंत्रं, सगळं एकेक करून बंद. असं केलं तर धड बॅटरी साधारण अर्धा तास पुरते. नाही केलं तर त्याहून बरीच आधी माना टाकते. आणि हे सगळं करताना, वाचा शाबूत आहे तोवरच, तिने टॉवरला, म्हणजे विमानतळावरच्या नियंत्रकाला, सांगून टाकलं: अल्टरनेटर गेलाय, मागे फिरते आहे, अमुक वेळेला पोहोचेन, मध्ये रेडिओ बंद ठेवणार आहे. उत्तर तुटक आलं, पण आलं. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात शहाणपणाचं काम हे. आवाज जाणार हे कळलं की तो जायच्या आत बोलून घ्यायचं.

इथे एक गोष्ट मागे राहिली. हे सगळं तिने पहिल्यांदा केलं नाही. पहिल्यांदा तिने विमान सरळ आणि एका उंचीवर ठेवलं. वैमानिकांना पहिल्या दिवसापासून एक क्रम घोकून घेतात. भाची तो इंग्रजीत म्हणते. मी त्याचं मराठी केलंय: आधी विमान, मग वाट, मग वाचा. विमान ताब्यात ठेवा, कुठे आहात आणि कुठे जायचंय ते बघा, आणि मग बोला. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाचा स्वभाव उलटा आहे. लुकलुकणारा दिवा समोर असला की माणूस त्याच्यातच डोकं घालतो. मीही घातलंय, सोल्डर लावता लावता दूध उतू घालवलंय.

२९ डिसेंबर १९७२ ला अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअर लाइन्सचं एक मोठं ट्रायस्टार विमान उतरायला आलं. पुढचं चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागला नाही. विमान दोन हजार फुटांवर फिरवत ठेवून कॉकपिटमधली माणसं त्या दिव्याच्या मागे लागली. कुणी बल्ब काढतोय, कुणी खाली उतरून चाक दिसतंय का बघतोय. एवढ्यात उंची धरून ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा नकळत सुटली, विमान हळूहळू खाली येऊ लागलं, आणि ते कुणीच पाहिलं नाही. दलदलीत आपटलं. १०१ माणसं गेली. चाक खरं तर खाली आलेलं होतं. बल्ब गेला होता. इंजिनं चालू होती, रेडिओही चालू होता. यादीतली तिसरी गोष्ट शाबूत होती आणि पहिली सुटली.

आता रेडिओकडे येऊ, म्हणजे माझ्या प्रांतात.

आवाज बंद झाला की वैमानिकाने आधी माझ्या गिऱ्हाइकासारखं वागायचं नाही, माझ्यासारखं वागायचं. हेडफोनच्या दोन पिना असतात, एक ऐकायची, एक बोलायची. दोन्ही घट्ट आहेत का? आवाज कमी झालाय का? आकडे बरोबर लावलेत का, की १२३ च्या जागी १३२? खरखर दाबणारं एक बटण असतं, ते जास्त पिळलं तर लांबून येणारा बारीक आवाजही खरखरीबरोबर दाबला जातो. ते सैल करून बघायचं. दुसरा रेडिओ, हातात धरायचा माइक, आधीची फ्रीक्वेन्सी. मग १२१.५, ही जगभर आणीबाणीसाठी राखलेली फ्रीक्वेन्सी. तेही नाही, तर आसपासच्या एखाद्या विमानाला हाक मारायची: माझा निरोप पुढे द्याल का? अशी मध्यस्थी वर सर्रास चालते.

विमानाचे रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. आपली एफएमची पट्टी १०८ ला संपते, म्हणजे शेजारचीच गल्ली. या लहरी सरळ रेषेत जातात; डोंगर आडवा आला की संपलं. आणि पृथ्वी गोल असल्याने फार लांब गेलं तर खुद्द जमीनच आडवी येते. ढोबळ हिशेब असा: सपाट मुलखावर हजार फूट उंचीवरून सुमारे ७० किलोमीटर ऐकू जातं, दहा हजार फुटांवरून सव्वादोनशे, तीस हजारांवरून चारशेच्या घरात. आपल्याकडे सातमाळ्याची रांग, अंजनेरी, ब्रह्मगिरी, पलीकडे १६४६ मीटरचं कळसूबाई. यांच्या आड खालून उडणाऱ्याचा रेडिओ धडधाकट असूनही तो मुका होतो. अशा वेळी उपाय सोपा: परवानगी आणि हवामान असेल तर वर चढा. गच्चीवर जाऊन अँटेना फिरवणाऱ्या पिढीला हे समजावून सांगायला नको.

एक प्रश्न मला दुकानात असल्यापासून होता. जग एफएमवर गेलं, एफएममध्ये खरखर नाही, मग विमानवाले अजून जुन्या एएमवर का? भाचीला माहीत नव्हतं, मी शोधलं. जुन्या यंत्रांशी जुळवून घेणं हे एक कारण आहेच, पण दुसरं फार छान आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरदार लहर अशक्त लहरीला पुरती गिळते. दुसरा कुणी बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. एएमवर दोघे एकदम बोलले तर शिट्टीसारखी किंचाळी ऐकू येते. शब्द कळत नाहीत, पण दोघे बोलले एवढं कळतं.

ती किंचाळी पुरेशी ठरतेच असं नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं होती, एकावर दुसरं आदळलं आणि ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीतला आजवरचा सगळ्यात जीवघेणा अपघात. उड्डाणाला निघालेल्या विमानाला "थांबा" असं टॉवर सांगत होता आणि त्याच क्षणी दुसरं विमान "आम्ही अजून धावपट्टीवर आहोत" सांगत होतं. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. निघालेल्या कॉकपिटमध्ये त्या जागी शिट्टी ऐकू आली. कारणं बरीच होती, दाट धुकं हे त्यातलं मोठं. पण ते काही सेकंद विसरवत नाहीत.

अशीच आणखी एक गंमत. या रेडिओत बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम नाही. आता समजा बटण दाबलेलं अडकलं. तुमचं पुटपुटणं, गाणं गुणगुणणं, शेजारच्याला टॉवरबद्दल सांगितलेलं मत, सगळं प्रक्षेपित होतंय. त्या फ्रीक्वेन्सीवरच्या इतर कुणाला बोलता येत नाही. आणि तुम्हाला वाटतं, आज काय शांत आहे रेडिओ! ज्याचं बटण अडकतं त्यालाच ते सगळ्यात शेवटी कळतं. म्हणून फार वेळ शांतता असेल तर आधी आपला अंगठा आणि बटण तपासावं.

भाचीच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. तिचा रेडिओ निरोगी होता, उपाशी होता. आणि उपाशी रेडिओ एक खास खोडी करतो. ऐकायला वीज थोडी लागते, बोलायला कितीतरी जास्त. परतताना तिने रेडिओ पुन्हा लावला, आकडे उजळले, दुसऱ्या कुणाचं बोलणंही ऐकू आलं. जीवात जीव आला. बोलायला बटण दाबलं आणि पॅनेल काळं झालं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिने नाद सोडला.

अशा वेळी विमानाने आपण मुके झालो आहोत हे सांगायचं कसं? त्यासाठी ट्रान्सपाँडर नावाची पेटी असते. खालच्या रडारने विचारलं की ती चार अंकी आकडा पाठवते. प्रत्येक अंक ० ते ७, म्हणून एकूण ४०९६ आकडे. त्यातले तीन संकटासाठी राखीव: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ गेला, ७७०० म्हणजे आणीबाणी. ७६०० लावला की नियंत्रकाच्या पडद्यावर ते विमान उठून दिसतं. भाचीने तो आकडा बॅटरीत जीव होता तेव्हाच लावून ठेवला होता. मात्र पेटीलाही वीज लागतेच, त्यामुळे शेवटी तीही गप्प. आता ती आणि जमीन यांच्यात कुठलाही दुवा उरला नव्हता.

इथे मला २०१५ चा सिंहस्थ आठवतो.

पर्वणीच्या दिवशी आम्ही सगळे रामकुंडावर निघालो तेव्हा आईने घरातच बजावलं होतं: चुकामूक झाली तर काळारामाच्या पूर्व दारापाशी यायचं आणि तिथून हलायचं नाही. आईकडे मोबाईल नव्हता. माझ्याकडे होता, पण त्या गर्दीत तो लागेना. आणि आईच हरवली. मी वेड्यासारखा गाडगे महाराज पुलापासून गंगाघाटापर्यंत दोन खेपा केल्या, माणसांना अडवून विचारलं. शेवटी दमून काळारामाला गेलो तर ती पायरीवर बसून दाणे खात होती. दोन तास. म्हणाली, "ठरलं होतं ना? मग तू कुठे भटकत होतास?"

रेडिओ गेलेल्या विमानाचे नियम म्हणजे आईचं ते बजावणं. बोलणं बंद पडल्यावर काय करायचं हे बोलणं चालू असतानाच ठरलेलं असतं, आणि ते जगभर सगळ्यांनी घोकलेलं असतं. वरचा मुका झाला तरी तो आता काय करेल हे खालच्याला माहीत असतं, आणि खालच्याला माहीत आहे हे वरच्याला माहीत असतं. हुशारी करून नवी वाट शोधायला निघालेला माणूस मी होतो, आणि चुकलेला मीच होतो.

नियम दोन तऱ्हांचे. हवा स्वच्छ असेल, डोळ्यांनी दिसत असेल, तर ढगांत शिरायचं नाही, जवळच्या योग्य विमानतळावर उतरायचं आणि उतरल्याबरोबर कळवायचं, म्हणजे खालचे लोक शोधाशोध करत बसणार नाहीत. यातल्या 'योग्य' या शब्दावर मी भाचीशी वाद घातला. मनमाडहून ओझर सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आत. तिथली धावपट्टी तीन किलोमीटर लांब. मग मुली, तिकडे का नाही वळलीस, मामा न्यायला आला असता की! ती हसली. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना, मिगपासून सुखोईपर्यंत तिथे बनली. चाचणीची विमानं केव्हाही वर असतात, जोडीला प्रवासी विमानं. अशा अनोळखी, गजबजलेल्या आभाळात मुक्याने घुसायचं, की जिथे आपल्याला ओळखतात आणि आपण येतोय हे आधीच सांगून ठेवलंय तिथे जायचं? बॅटरी संपत होती, पेट्रोल नव्हे. मी गप्प बसलो.

दुसरी तऱ्हा ढगांतली, जिथे बाहेर काही दिसत नाही आणि सगळं यंत्रांवर चाललंय. इथे देशागणिक थोडा फरक असला तरी आंतरराष्ट्रीय सांगाडा असा: शेवटची मिळालेली उंची आणि वेग काही काळ तसाच ठेवायचा. रडार नसलेल्या भागात, ठरलेल्या ठिकाणी नोंद देता न आल्यापासून २० मिनिटं; रडार असलेल्या भागात ७ मिनिटं. सह्याद्रीसारख्या मुलखात सुरक्षित किमान उंची त्याहून जास्त असेल तर ती. ही मिनिटं वैमानिकासाठी कमी आणि नियंत्रकासाठी जास्त असतात. तेवढ्यात तो आसपासची विमानं बाजूला करून वाट मोकळी करतो. त्यानंतर निघण्यापूर्वी कागदावर जो मार्ग आणि ज्या उंच्या लिहून दिल्या होत्या, अगदी तसंच जायचं. मुक्कामाच्या विमानतळावरच्या दिशादर्शक केंद्राच्या डोक्यावर पोहोचायचं, ठरलेल्या वेळेलाच, किंवा तिच्या जितकं जवळ जमेल तितकं, खाली यायला सुरुवात करायची आणि जमल्यास पुढच्या अर्ध्या तासात उतरायचं. लवकर पोहोचलात तर वर घिरट्या घाला. लवकर येणं हाही तिथे घोटाळाच.

निघण्याआधी भरलेल्या त्या कंटाळवाण्या कागदाची किंमत अशी तेव्हा कळते.

नियंत्रकही हातावर हात ठेवून बसत नाही. तो शक्य त्या सगळ्या फ्रीक्वेन्सींवर हाका मारतो, जवळच्या विमानांना मारायला सांगतो. त्याची एक युक्ती मला फार आवडली: "ऐकू येत असेल तर डावीकडे वळा." विमान पडद्यावर डावीकडे वळलं की समजायचं, कान शाबूत आहेत, जीभ गेलीय. मग हो-नाहीचे प्रश्न विचारत, वळणांतून उत्तरं घेत, त्याला उतरवता येतं. बोलणारा आणि ऐकणारा यांत एकाचं तोंड बंद असलं तरी संभाषण होऊ शकतं. लग्न झालेल्यांना पटेल.

मोठ्या प्रवासी विमानांत असे रेडिओ साधारण तीन असतात, शिवाय लांब पल्ल्याचे वेगळे आणि लेखी निरोपांची सोय. तिन्ही एकदम जाणं विरळा. तिथे शांततेचं कारण बहुतेकदा आकडा चुकणं हे असतं. एका नियंत्रकाने पुढच्याकडे सोपवताना सांगितलेली फ्रीक्वेन्सी चुकीची ऐकली किंवा लावायची राहिली, की विमान एका हातातून सुटतं आणि दुसऱ्या हातात पोहोचतच नाही. कॉकपिटमध्ये सगळं आलबेल. खाली मात्र शेकडो माणसांचं विमान उत्तर देत नाही म्हणून घाम. १६ फेब्रुवारी २०१७ ला मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाशी जर्मनीवर असा संपर्क तुटला, तेव्हा जर्मन हवाई दलाची दोन युरोफायटर लढाऊ विमानं शेजारी येऊन उडू लागली. थोड्याच वेळात बोलणं सुरू झालं, विमान लंडनला सुखरूप उतरलं.

शेजारी आलेल्या लढाऊ विमानाशीही मुक्याने बोलायची रीत ठरलेली आहे. त्याने पुढे येऊन पंख डुलवले म्हणजे "माझ्या मागे ये". आपण पंख डुलवले म्हणजे "समजलं, येतो". तो एकदम वर झेपावत वळून निघून गेला म्हणजे "जा, मोकळा आहेस".

आता आपल्या पोरीकडे. रेडिओ नाही, नकाशा मांडीवर, घड्याळ, होकायंत्र आणि खाली ओळखीचा मुलूख. मनमाडचं जंक्शन आणि त्यातून फुटणारे रूळ हे वरून सगळ्यात पक्कं निशाण. ती हडबीची शेंडी शोधत होती. खालून रस्त्याने जाताना अंगठ्यासारखा उभा दिसणारा तो सुळका. "मामा, वरून तो अंगठ्यासारखा दिसतच नाही. सावली पडली होती म्हणून ओळखला." मग गिरणा नदी, मग तिचा रोजचा मुलूख.

धावपट्टीवर ती थेट उतरली नाही. आधी वरच्या उंचीवरून एक फेरी मारली. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याने फुगणारा तो कापडी मोजा, कुणीकडे ताणलाय? दुसरी विमानं कोणत्या बाजूने उतरताहेत? मग त्यांच्या रांगेत, बाकीचे ज्या आयताकृती फेरीने येतात त्याच फेरीत, जमिनीपासून हजार फुटांवर शिरली. पंखांमागचे फ्लॅप, म्हणजे उतरताना विमानाला अडवून संथ करणाऱ्या झडपा, तिच्या विमानात विजेच्या मोटरवर चालतात, म्हणून ते न उघडता उतरायचं हे आधीच ठरवलं होतं. बॅटरीत चुकूनमाकून जीव असता तरी वापरले नसते. समजा उघडले, आणि ऐनवेळी पुन्हा वर जायची पाळी आली, आणि बॅटरी संपल्याने ते मिटलेच नाहीत तर? बिनफ्लॅपचं उतरणं जरा वेगात होतं, विमान धावपट्टीवर तरंगत लांब जातं. तेवढं चालतं.

टॉवरमध्ये अशा वेळेसाठी एक हातदिवा टांगलेला असतो, बंदुकीसारखा नेम धरायचा, लाल, हिरवा, पांढरा प्रकाश फेकणारा. रेडिओच्या आधीच्या काळातली चीज, पण प्रत्येक परीक्षेत विचारतात. हवेतल्याला स्थिर हिरवा म्हणजे उतर. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे, फेऱ्या मारत राहा. लुकलुकणारा हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत ये, लुकलुकणारा लाल म्हणजे इथे धोका आहे, उतरू नकोस. लुकलुकणारा पांढरा म्हणजे इथेच उतर आणि विमानं उभी करतात तिथे जा. जमिनीवरच्या विमानाला हेच रंग वेगळं सांगतात, स्थिर हिरवा म्हणजे उड. म्हणून मुलं घोटाळा करतात. पोच द्यायची ती दिवसा पंख डुलवून, रात्री उतरायचे दिवे दोनदा लावून. आणि धावपट्टीकडे शेवटची वळणं घेतल्यावर पंख डुलवायचे नाहीत. जमिनीजवळ, कमी वेगात तो खेळ महागात पडतो.

धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जात असताना तिने टॉवरकडे पाहिलं. काही नाही. काचेवर ऊन. पुन्हा पाहिलं. मग त्या उन्हात एक हिरवा ठिपका, न हलणारा. तिने पंख डुलवले, डावा, उजवा.

"आणि मग?" मी विचारलं.

ती लाजली. अंगठा सवयीने बटणावर गेला होता. त्या मेलेल्या रेडिओत, आपल्या विमानाचं पूर्ण नाव घेऊन, परीक्षेत म्हणतात तशा स्वच्छ आवाजात ती म्हणाली होती, उतरण्याची परवानगी समजली, धन्यवाद.